बाहुलीच्या पायावर ‘नोरा वेलिंग्ज’ असं लेबल आहे, ह्या कोण होत्या?

नोरा वेलिंग्ज म्हणजे इंग्लंडच्या श्रॉपशायरमधल्या वेलिंग्टन गावच्या, आधी चॅड व्हॅली या खेळणी कंपनीत त्या डिझायनर होत्या, मग १९२६ मध्ये भाऊ लेनर्डला सोबत घेऊन स्वतःचा कारखाना काढला. डिझाइन बाईंचं आणि धंद्याची बाजू भावाकडे. मला तर हेच फार भारी वाटतं, त्या काळात एका बाईने स्वतःच्या नावावर ब्रँड उभा केला आणि प्रत्येक बाहुलीवर ते नाव शिवलं!

बाहुल्या मखमलीच्या, फेल्टच्या (म्हणजे लोकर दाबून बनवलेलं जाड कापड), प्लशच्या (लांब मऊ लव असलेलं कापड). चेहरा फेल्ट साच्यात दाबून घडवायचे आणि वर हाताने रंगवायचे, त्यामुळे ते डोळे नि हसू अजून जिवंत वाटतं. सगळ्यात जास्त चालला तो खलाशी, निळ्या मखमली ड्रेसातला, कारण मोठ्या प्रवासी जहाजांवर आठवण म्हणून तो विकला जायचा आणि टोपीच्या पट्टीवर त्या त्या जहाजाचं नाव असायचं. तुमचा खलाशी असेल तर टोपी आधी नीट बघा.

१९५९ मध्ये भाऊ गेला, त्यानंतर नोराबाईंनी कारखाना बंदच केला.

आणि हो, प्लीज बाहुलीला धुवू नका, फेल्ट आकसतं, रंग उतरतो. मऊ कोरड्या ब्रशने हळूच धूळ काढा, उन्हापासून आणि कसरीपासून जपा, आणि ते लेबल अजिबात उसवू नका, ओळख त्यावरूनच पटते.