आकड्याच्या मागचा पेशंट

सप्रेम आशीर्वाद.

एनक्लेक्स-पीएनची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रॅक्टिकल नर्सच्या परवान्याच्या परीक्षेची, तारीख मिळाली, छान झालं. तू पाठवलेले वहीचे फोटो पाहिले. तक्ते नीटनेटके आहेत, पण एक गोष्ट खटकली. पोटॅशियम एका पानावर, डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) दुसऱ्यावर आणि फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) तिसऱ्यावर. पेशंटच्या अंगात मात्र ही तिन्ही एकाच वेळी असतात.

हार्ट फेल्युअरचा पेशंट घे. फ्युरोसेमाइडमुळे लघवीवाटे पाणी जातं, सोबत पोटॅशियमही जातं. रक्तात साधारण ३.५ ते ५ mEq/L असायला हवं ते ३.१ वर येतं. डिगॉक्सिन आणि पोटॅशियम पेशीवरच्या एकाच पंपावर जागा धरू पाहतात. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनला रान मोकळं मिळतं. म्हणून रक्तातली औषधाची पातळी ठीक दिसत असतानाही विषबाधा होऊ शकते. हा पेशंट म्हणतो, 'खायची इच्छा नाही, मळमळतंय, सगळं पिवळसर दिसतंय.' वयस्कर असेल तर कदाचित नुसताच गोंधळल्यासारखा वागेल. प्रश्नात हे एका ओळीत दडवलेलं असतं.

डिगॉक्सिनची गोळी देण्याआधी पूर्ण एक मिनिट एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकलेले हृदयाचे ठोके) मोजायची आणि प्रौढ पेशंटमध्ये ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून आरएनला (रजिस्टर्ड नर्सला) कळवायचं, हे तुला पाठ आहे. पण पल्स ६६ भरली आणि ही लक्षणं असली तर? तरीही गोळी द्यायची नाही, कळवायचं. नुसता ६० चा आकडा घोकलेली मुलं इथे हमखास चुकतात, आणि वॉर्डात ही चूक पेशंटच्या जिवावर बेतू शकते. म्हणून मी इतकं अडून सांगते आहे.

चार पेशंटपैकी आधी कोणाकडे जायचं, या प्रश्नातही हेच बघ. जुन्या सीओपीडीच्या (फुप्फुसांच्या दीर्घकालीन आजाराच्या) पेशंटचं ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० आहे, यात नवीन काही नाही. पण काल ऑपरेशन झालेला, सकाळपर्यंत शांत असलेला पेशंट अचानक अस्वस्थ होऊन चुळबुळ करतो, तेव्हा आधी त्याच्याकडे जा. ऑक्सिजन कमी पडू लागल्याची ती पहिली खूण असू शकते. आणि पहिलं सविस्तर असेसमेंट, केअर प्लॅन, नव्याने द्यायचं शिक्षण ही आरएनची कामं आहेत हे विसरू नकोस.

काही गोष्टी मात्र घोकाव्याच लागतात. टीबी, गोवर, कांजिण्या यांना एअरबोर्न (हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठीची) खबरदारी, यात डोकं लढवण्यासारखं काही नाही.

पेपर ८५ ते १५० प्रश्नांचा, वेळ ५ तास. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, आणि उत्तर दिलेल्या प्रश्नाकडे परतही जाता येत नाही. एप्रिल २०२३ पासून केस स्टडी आल्या आहेत, एका पेशंटवर सहा प्रश्न. काही प्रश्नांना अंशतः गुणही मिळतात.

आता इन्सुलिनचं पान पुन्हा लिही. सकाळी एनपीएच (मध्यम वेळ काम करणारं इन्सुलिन) घेतलेल्या पेशंटचं दुपारचं जेवण लांबलं, तो घामाघूम झालाय, हात थरथरताहेत, पण शुद्धीवर आहे आणि गिळू शकतो. आधी काय तपासशील, किती ग्रॅम साखर देशील, किती मिनिटांनी पुन्हा बघशील? आणि तो शुद्धीवर नसता, तर तोंडाने काहीच का द्यायचं नाही? तुझ्या शब्दांत, कारणांसकट लिहून पाठव.