निळा षट्कोनी स्फटिक हाती आला म्हणून लगेच बाझाइट म्हणू नका

बाझाइट हे एक दुर्मीळ निळं खनिज, बेरिलचाच (पन्ना आणि निळा अ‍ॅक्वामरीन ज्याचे प्रकार, त्या खनिजाचा) सख्खा भाऊ. रचना तीच, फक्त ॲल्युमिनियमच्या जागी मुख्यतः स्कॅंडियम हा धातू. सगळी दुर्मीळता त्यातच आहे: स्कॅंडियम निसर्गात विखुरलेलं असतं, एका जागी साठत नाही. त्यामुळे बोटाएवढा निळा खडा कोणी बाझाइट म्हणून दाखवला, तर तो बहुधा अ‍ॅक्वामरीनच असणार. बाझाइटचे स्फटिक सहसा काही मिलिमीटरचेच असतात, त्यामुळे भिंगाशिवाय या वाटेला जाऊच नका.

आधी तो कुठला आहे ते विचारा. 1915 मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं ते इटलीतल्या बावेनोच्या ग्रॅनाइटमधल्या स्फटिकांवरून. पुढे तो स्वित्झर्लंडच्या आल्प्समधल्या खडकांच्या भेगांत आणि नॉर्वेतल्या पेग्मटाइटमध्येही (मोठ्या स्फटिकांचा अग्निजन्य खडक) मिळाला. सोबत क्वार्ट्‌झ आणि फेल्डस्पार असतात. सुटा खडा घेण्यापेक्षा मूळ खडकावर बसलेला नमुना घ्या, तो बरंच काही सांगतो.

आता गुणधर्म. मोहस मापनावर (ओरखडा किती सहज पडतो याचं 1 ते 10 चं माप) कठिनता साडेसहा ते सात, म्हणजे बेरिलपेक्षा कमी. पण इतक्या चिमुकल्या स्फटिकावर ओरखडे काढून कशाला नासायचा? अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचं माप, जास्त उपयोगी पडतो. बाझाइटचा साधारण 1.61 ते 1.63, अ‍ॅक्वामरीनचा 1.57 ते 1.58 च्या आसपास. ध्रुवित प्रकाशात (एकाच दिशेने कंपन पावणाऱ्या प्रकाशात) बाझाइटचा स्फटिक फिरवला की एका दिशेने गडद निळा, दुसरीकडून फिकट हिरवट-पिवळा दिसतो. तरी नमुना महाग असेल तर स्कॅंडियमचं रासायनिक विश्लेषण मागाच. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सरळ निघा.