साथीच्या सिम्युलेशनचे आकडे चुकतात, मग ती करायची कशाला?

तुम्ही विचारलंय की, कॉम्प्युटरवर साथीचं सिम्युलेशन (म्हणजे साथ कशी पसरेल याची गणिती मॉडेलवरून केलेली नक्कल) करून सांगितलेले आकडे खरे ठरत नाहीत, तर सरकारांनी त्यावर विसंबावं का? मी सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीत काम करते. माझं मत असं की ते आकडे भविष्य म्हणून वाचायचेच नसतात.

इबोलाचं बघा. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया आणि सिएरा लिओनचा हिशेब मांडला. उपाय वाढवले नाहीत आणि लोकांचं वागणं बदललं नाही, तर २० जानेवारी २०१५ पर्यंत साडेपाच लाख रुग्ण. नोंदीतून सुटणारे धरले तर १४ लाख. बातम्यांत गाजले ते हे १४ लाख. प्रत्यक्षात शेजारच्या गिनी देशासकट त्या अख्ख्या साथीत सुमारे २८,६०० रुग्णांची नोंद झाली. झालं, मॉडेल फसलं म्हणून लोक मोकळे!

पण वाचण्यासारखं होतं ते त्याच अहवालात पुढे. सुमारे ७० टक्के रुग्ण उपचार केंद्रात, किंवा संसर्ग पसरणार नाही अशा ठिकाणी ठेवले आणि अंत्यविधी सुरक्षित झाले, तर साथ ओसरू लागते. आणि याला महिनाभर उशीर झाला, तर ऐन भरात रोज सापडणारे नवे रुग्ण जवळजवळ तिप्पट होतात. इबोलाने दगावलेल्या माणसाच्या देहात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो आणि तिथे घरचेच लोक देहाला अंघोळ घालायचे. म्हणून खाटांइतकंच दफनपथकांनाही महत्त्व होतं. पैसा आणि माणसं कुठे लावायची, किती लवकर लावायची, हे ठरवायला असंच उत्तर लागतं.

एवढ्याशा फरकाने काय होतं, ते कागदावरही दिसतं. एका रुग्णापासून दोघांना लागण होत असेल, तर दहाव्या फेरीत १,०२४ नवे रुग्ण. तेच सरासरी दीडवर आणलं तर साधारण ५८. एकाच्या खाली गेलं की साथ विझत जाते. सिम्युलेशन हाच हिशेब वय, घर, प्रवास, खाटा घालून हजारो वेळा करून बघतं.

हे शास्त्र आपल्यालाही परकं नाही. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोन संशोधकांनी १९२७ मध्ये साथीचं जे प्रसिद्ध गणित मांडलं, ते त्यांनी १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंशी ताडून पाहिलं होतं.

माझी खरी काळजी आत घातल्या जाणाऱ्या माहितीची आहे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत कोविडची प्रतिपिंडं (संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण) सापडली, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. अख्ख्या शहराची एकच सरासरी धरून चालवलेलं मॉडेल इथे दोन्हीकडे चुकीचा सल्ला देईल. म्हणून पुढच्या वेळी असा आकडा दिसला, की त्याच्या मागचा ‘जर’ शोधा. तो बातमीत नसेल, तर मूळ अहवाल उघडा.