आभासी वास्तवातून बातमी पाहताना प्रेक्षकाला खरोखर घटनास्थळी असल्यासारखे वाटते का?

डोळ्यांवर आभासी वास्तवाचा (व्हीआर) हेडसेट लावून बातमी पाहिल्यावर तिथे गेल्यासारखे वाटते का आणि त्यामुळे विषय अधिक समजतो का, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर बरेचसे होकारार्थी आहे, दुसऱ्याचे तितके सरळ नाही. मी ठाण्यात पत्रकारिता शिकवतो आणि वर्गात अशा फिती दाखवतो.

अमेरिकी पत्रकार नॉनी डे ला पेन्या यांची ‘हंगर इन लॉस एंजेलिस’ ही आभासी वास्तवातील कृती २०१२ साली सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. मोफत अन्नाच्या रांगेत मधुमेहाचा एक रुग्ण कोसळतो. आवाज प्रत्यक्ष प्रसंगाचे, माणसे मात्र संगणकावर घडवलेली आणि फारशी हुबेहूब नसलेली. तरीही काही प्रेक्षक त्याच्याजवळ गुडघे टेकून बसले, काहींना रडू आले. बुद्धीला सारे कृत्रिम आहे हे ठाऊक असूनही शरीर आधी विश्वास ठेवते, हे मला या माध्यमाचे खरे सामर्थ्य वाटते.

मेल स्लेटर या संशोधकाने २००९ मध्ये या अनुभवाचे दोन भाग वेगळे दाखवले: आपण त्या जागी आहोत हा भास, आणि समोरचे खरोखर घडत आहे हा भास. दुसरा टिकायचा तर त्या जगाने आपली दखल घ्यावी लागते. ३६० अंशांच्या, म्हणजे चहूबाजूंनी केलेल्या चित्रीकरणात मान वळवता येते, पण पुढे पाऊल टाकता येत नाही आणि कोणी आपल्याला उत्तर देत नाही. विद्यार्थ्यांनी परवानगी घेऊन ठाण्याजवळच्या दिवा रेल्वे स्थानकावरील सकाळची गर्दी चित्रित केली, तेव्हा कधीच लोकलने न जाणारे प्रेक्षक हादरले, रोज तिथूनच गाडी पकडणारी एक विद्यार्थिनी मात्र म्हणाली, “सर, इथे मला कोणी ढकलत नाही, म्हणजे मी इथे नाहीच.” अनोळखी वेदना दाखवताना हे माध्यम जितके पटते, तितके ती भोगणाऱ्याला पटेलच असे नाही, आणि पत्रकाराने ही कसोटी टाळू नये असे मला मनापासून वाटते.

समजण्याविषयी सांगायचे तर, प्रेक्षक भोवताल न्याहाळण्यात इतका गुंततो की निवेदनातील कारणे आणि आकडे निसटतात. कॅमेरा हलता असेल तर डोळ्यांना गती दिसते, कानातील संतुलनेंद्रियाला ती जाणवत नाही आणि मळमळते. म्हणून मी फिरत्या खुर्चीवर बसवून, विषयाचा लेख आधी वाचायला देऊन, मगच हेडसेट हाती देतो आणि फीत दोनदा दाखवतो. दुसऱ्या वेळी विद्यार्थी निवेदन नीट ऐकतात.