परिविक्षेवर घरी आलेला मुलगा: दहावी, दाखले आणि दर रविवारी येणारे सर

सिन्नर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा १७ वर्षांचा. मारामारीच्या प्रकरणात जानेवारीत पकडला गेला, चार महिने निरीक्षणगृहात राहिला. दहावीचा फॉर्म भरलेला होता, पण परीक्षा बुडाली. बाल न्याय मंडळानं प्रकरण निकाली काढून वर्षभराच्या परिविक्षेवर, म्हणजे अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली, त्याला घरी सोडलंय. त्या विचारतात: दहावीचं काय करायचं? ही केस जन्मभर मागे लागेल का? त्याला पोलीस भरतीला बसायचंय, ते जमेल का? आणि आत गणित शिकवणारे संस्थेचे सर दर रविवारी येतो म्हणतात, पण वडिलांना ते नको वाटतं, काय करावं?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. सरांना येऊ द्या.

निरीक्षणगृहात उठण्यापासून झोपेपर्यंत सगळं घंटेवर चालतं. घरी आल्यावर सकाळचे अकरा वाजतात आणि हाताला काही काम नसतं. जुनी दोस्तमंडळी मात्र दाराशी हजर. अशा वेळी आत ओळख झालेलं माणूस बाहेरही भेटत राहणं फार मोलाचं. बरेच उपक्रम नेमके इथेच तुटतात. आत शिकवणी छान चालते, मुलगा फाटकाबाहेर पडला की संपते. शिकवणारी बहुधा कॉलेजची मुलं. एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे १२० तास भरले, त्यांच्या परीक्षा लागल्या, की येणं बंद. आधीच खचलेल्या मुलाला हे फार लागतं. म्हणून सरांना पहिल्याच भेटीत विचारा: वर्षभर याल का? मध्येच जमेनासं झालं तर तुमच्या जागी कोण? आठवड्याला तास-दीड तास पुरे, पण वार आणि वेळ पक्की हवी.

सरांचं संस्थेचं ओळखपत्र पाहा. परिविक्षा अधिकाऱ्यांना सांगून मुलाच्या वैयक्तिक काळजी योजनेत त्यांचं नाव लिहून घ्या. वडिलांना लोकांची भीती वाटत असेल तर भेट तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. विचारलंच कुणी तर ‘शिकवणीचे सर’, आणि ते खरंच आहे. सरांनी केसबद्दल खोदून विचारू नये. मुलगा आपणहून बोलला तर ऐकून घ्यावं. पैसे आणि मोबाइल देऊ नयेत. फोटो तर अजिबात नको, संस्थेच्या अहवालासाठी पाठमोरासुद्धा नको. गावात नुसत्या शर्टावरून माणूस ओळखतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अभ्यासाचं म्हणाल, तर दहावीचं पुस्तक उघडण्याआधी सरांना सातवीचे अपूर्णांक आणि शेकडेवारी तपासायला सांगा. या मुलांचं गणित बहुतेक वेळा तिथेच सुटलेलं असतं, आणि वरून कितीही धडे घेतले तरी बसत नाही.

फॉर्म भरलेला होता हे बरं झालं. बैठक क्रमांक घेऊन शाळेत जा आणि पुरवणी परीक्षेचा अर्ज भरा. निकालानंतर त्याची मुदत थोडेच दिवस असते. दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. शाळेनं ‘दाखला घेऊन जा’ म्हटलं तर घाई करू नका. घ्यावाच लागला, तर सही करण्याआधी ‘शाळा सोडण्याचे कारण’ आणि ‘शेरा’ हे दोन रकाने स्वतः वाचा. तिथे केसचा किंवा निरीक्षणगृहाचा उल्लेख असेल तर तो दाखला घेऊ नका, बदलून मागा. कुठल्याही अर्जावर पत्ता घरचाच द्या. शाळेचं अगदीच जमलं नाही तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा (एनआयओएस) मार्ग आहे: पाच विषय, आणि ते पाच वर्षांत टप्प्याटप्प्यानं सोडवता येतात. हाताचं काम आवडत असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड आठवी पासवर एका वर्षात होतो.

आता केसचं. कलम २४ नुसार बाल न्याय कायद्याखाली निकाली निघालेल्या प्रकरणामुळे मुलावर कोणतीही अपात्रता येत नाही. अपवाद फक्त १६ वर्षांवरच्या अशा मुलांचा, ज्यांच्यावर बाल न्यायालयानं (हे मंडळापेक्षा वेगळं) प्रौढ म्हणून खटला चालवला. तुमच्या मुलाचं तसं नाही. नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायच्या असतात आणि चारित्र्य पडताळणीसाठीही पोलिसांनी त्या उघड करायच्या नसतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सीआयएसएफच्या (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या) एका उमेदवाराला, लहानपणीच्या प्रकरणावरून नोकरी नाकारता येणार नाही, असं स्पष्ट केलं.

तरी अडचण येते ती साक्षांकन नमुन्यात, म्हणजे निवडीनंतर पडताळणीसाठी भरायच्या फॉर्मात. ‘आपणांस कधी अटक झाली होती का?’ असा रकाना असतो. घाबरून कुणी ‘नाही’ लिहितं, आणि पुढं माहिती लपवली म्हणून निवड अडकते. तो रकाना स्वतःच्या अंदाजानं भरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो. मंडळाचा आदेश दाखवून उत्तर त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यासाठी परिविक्षा अधिकाऱ्यांच्या पुढच्या भेटीत मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत मागा. तिच्या दोन झेरॉक्स काढा, मूळ प्रत घरातच ठेवा, शाळेत देऊ नका. आणि त्याच भेटीत सरांना सोबत न्या.