आधी वॉर्ड पायी फिर, मग पीएचडीचं बघू

अगं, मेल वाचला तुझा. टीचिंग, कन्सल्टिंग की रिसर्च, यातलं एकच काय ते धरू का असं विचारलंयस. माझ्या मते टाउन प्लॅनिंगमध्ये तिन्ही लागतात, फक्त एकदम सुरू करू नकोस. आधी दोन-तीन वर्षं एखाद्या डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या, कामाला लाग आणि ईएलयू, म्हणजे जमिनीचा आत्ताचा वापर नोंदवायचा सर्व्हे, तो स्वतः कर. हे काम सगळे ज्युनियरवर ढकलतात आणि अख्खा डीपी त्याच्यावरच उभा असतो. खाली दुकान, वर बिऱ्हाड, मागच्या बोळात पापडाचा कारखाना, याला नकाशावर कुठला रंग द्यायचा ते तिथे उन्हात उभं राहूनच कळतं, सॅटेलाइट इमेजवर नुसता पत्रा दिसतो.

मुंबईचंच बघ ना. फेब्रुवारी 2015 मध्ये ड्राफ्ट डीपी आला, उभ्या इमारतींवरून रस्ते, वारसा वास्तू गायब, लोकांनी इतक्या चुका काढल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला लावला, मग सुधारित ड्राफ्ट 2016 ला आणि मंजुरी थेट 2018 ला. शहराची एवढी वर्षं जातात गं, याचं मला फार वाईट वाटतं.

पुढे शिकवता शिकवता कन्सल्टिंग घेशील तेव्हा डेटा वर्गात आणि पेपरसाठी वापरता येईल असं करारातच लिहून घे, नंतर कोणी परवानगी देत नाही. आणि जो डीपी तू केलास त्याच्यावर लोकांनी घेतलेल्या हरकतींच्या सुनावणीत तज्ज्ञ म्हणून बसायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी.

रिसर्चसाठी विषय शोधत लांब जायची गरज नाही. हरकतींच्या सुनावणीला जाऊन बस, सातबारा आणि जुना मोजणी नकाशा पिशवीत घेऊन माणसं सकाळपासून थांबलेली असतात. 1966 च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याचं कलम 127 आहे ना, डीपी लागू होऊन दहा वर्षांत मैदानासारख्या सार्वजनिक कामासाठी आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि तरीही मुदतीत काही हाललं नाही तर आरक्षणच जातं, पुस्तकात हे दोन ओळींत संपतं पण त्या वस्तीचं मैदान कायमचं गेलेलं असतं. कुठली आरक्षणं अशी सुटतात, कुठल्या वॉर्डात जास्त, त्या वेळी महापालिकेचं भूसंपादनाचं बजेट काय होतं, हे कोणीतरी चिकाटीने शोधायला हवंय आणि तू घेतलास तर गाइड मी होते.

तोवर तुमच्या भागाचं डीपी शीट, म्हणजे डीपीचा नकाशा, काढ, रविवारी ते घेऊन फिर, जुळत नाही ते लाल पेनने मार्क कर आणि मला पाठव.