पाठकोऱ्या कागदावरचे बाबा

"ताई, बाबांना जाऊन वर्ष होतंय. जालन्याला स्मरणार्थ उपासना ठेवलीय. मला सुट्टी नाही, म्हणून दोन पानं लिहून पाठवायचीत. भाऊ म्हणतो, बिशपसाहेब येणार आहेत, पाळक म्हणूनच लिही, सुतारकाम मध्ये आणू नकोस. शिवाय आई एकटी आहे, तिला इकडे आणावं का? घराच्या वाटणीचा विषय भाऊ टाळतो. मुलांना मराठी वाचता येत नाही..."

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या लेकी, तुझ्या तीन काळज्या आधी उरकते. आईला काय हवंय ते आईला विचार, आणि आणायचंच तर जानेवारीत आणू नकोस. वाटणी फोनवर होत नसते, गेलीस की समोर बसून बोल. मुलांना वाचून दाखव, झालं.

आता बाबा. तुझा मसुदा वाचला. "प्रेमळ, कष्टाळू, प्रभूचे विश्वासू सेवक." अगं, यात नाव बदललं की कुणाचेही बाबा बसतील! खरे बाबा तू पत्राच्या शेवटी कंसात टाकलेस: "(प्रवचनाचे मुद्दे ते पाठकोऱ्या कागदावर काढायचे. एका अंगाला वचनं, दुसऱ्या अंगाला कुणाच्यातरी चौकटीची मापं. एकदा उपासनेत कागद उलटा धरला आणि 'साडेतीन फूट दोन सूत' असं वाचून गेले. अख्खी मंडळी हसली, आई सोडून.)"

हे कंसात? इथूनच सुरू कर की.

मी एवढी का तणतणते, तर माझे वडील सेलूला शिवणकाम करायचे. ते गेले तेव्हा चार दिवसांच्या रजेवर गेले होते मी. घर आवरताना त्यांची मापांची वही रद्दीत घातली. गिऱ्हाइकांची नावं त्यांनी आपल्या मनानं पाडलेली, 'पोटवाले गुरुजी', 'एक खांदा खाली'. छापील निवेदनात मीही "मनमिळाऊ" लिहून मोकळी झाले. अकरा वर्षं झाली, पण ती वही अजून डोळ्यांसमोर येते. मुलगा विचारतो, आजोबा कसे होते, तर मी तेच छापील बोलते.

भावाची लाज मला कळते. आपल्याकडे हाताला भुसा लागला की माणूस खालचा. पण त्याला मार्क ६:३ वाचायला सांग. नासरेथकरांनी येशूला 'सुतार' म्हटलं ते हिणवायलाच. पौलही तंबू शिवून पोट भरायचा. आणि जालन्याजवळचं बेथेल रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलं, ते नुसत्या प्रार्थनेवर उभं राहिलं का? गाव म्हटलं की दारं, खिडक्या, विहिरीचा रहाट, सगळं आलं. कुणीतरी रंधा मारलाच असणार.

तूच लिहितेस, "७२ च्या दुष्काळात बाबा अगदी तरुण होते. गिऱ्हाईक खडी फोडायला गेलेलं, घरात मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, लाल भाकर. तरी बाबांनी लोकांच्या मोडक्या तिफणी फुकट सांधून ठेवल्या, पाऊस आला की लागतील म्हणून." यापेक्षा वेगळं प्रवचन काय असतं गं? बिशपसाहेबांनाही हेच आवडेल, बघ.

आणि शवपेट्या. मंडळीत कुणी गेलं की रात्री कंदिलाच्या उजेडात पेटी ठोकायची, पैसे घ्यायचे नाहीत, आणि सकाळी दफनविधीही आपणच चालवायचा. "बाबांची पेटी मात्र आम्ही विकत आणली," एवढंच लिहून तू पुढच्या विषयाला गेलीस. मी तिथेच थांबले. तिथे थोडी तूही थांब.

आई दवाखान्यात रात्रपाळीला असली की तुझ्या वेण्या बाबा घालायचे, एक वेणी घट्ट, एक सैल. तेही लिही. भाऊ 'पाळकांच्या मानाला शोभत नाही' म्हणाला तर सांग, ताईनं सांगितलंय.

आजच फोन करून भावाला म्हण, बाबांच्या बायबलातले, पेटाऱ्यातले सगळे कागद दोन्ही बाजूंनी फोटो काढून पाठव. दिवाळीआधी कुणीतरी झाडझूड करेल आणि जाईल सगळं. पटाशी, वाकस, गुण्या ही त्यांची हत्यारं कुणाला देऊ नका म्हणावं, निदान तू जाईपर्यंत. आईला विचार, ती चौकट कुणाची होती. अजून उभी असेल तर त्या घरच्यांना उपासनेला बोलवा.

आणि लिहिताना मापं सुतातच राहू दे, मुलांसाठी मिलिमीटर करू नकोस. आठ सुतांचा एक इंच, शिकतील.